वस्तीतले बोलणे आणि आपली समीक्षा

१

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर कवितेचा विचार केला, कथेचा केला, आत्मकथनाचा तर फारच केला. प्रस्थापितांच्या रसव्यवस्थेशी तिने उघड भांडण मांडले. आनंद हे साहित्याचे अंतिम प्रयोजन नव्हे, ज्याचे जगणेच नाकारले गेले त्याच्या शब्दाला वेगळे माप लावावे लागेल, हे तिने ठणकावून सांगितले. हे काम मोठे झाले. परंतु ज्या बोलण्यातून ही कविता आणि हे आत्मकथन उभे राहिले, त्या वस्तीतल्या रोजच्या बोलण्याकडे मात्र या समीक्षेने वाङ्मय म्हणून कधी पाहिले नाही. ते कच्चा माल समजले गेले. लेखकाने उचलावे, घडवावे आणि मग समीक्षकाने त्याची दखल घ्यावी, असा क्रम आपणही निमूटपणे मान्य केला. हा क्रम आपला नव्हे. बोलणाऱ्याला मुका आणि लिहिणाऱ्यालाच वाचा असलेला समजणाऱ्या व्यवस्थेचा तो क्रम आहे.

नागपुरात इंदोरा, पाचपावली, बेझनबाग या भागांत संध्याकाळी पानठेल्यापाशी, विहाराच्या पायरीवर, वाचनालयाच्या ओट्यावर जे बोलले जाते ते मी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. विषय ठरलेले नसतात, पण चार विषय फिरून फिरून येतात. नवे यंत्र, म्हणजे आज मोबाइल आणि स्वतः विचार करते असे म्हटले जाणारे संगणकाचे तंत्र, खेळ, त्यातही पैसे लावून खेळायचा खेळ, कायदा, आणि त्या दिवशीची बातमी. बोलणारे कोण? रिक्षा चालवणारा, महापालिकेतला सफाई कामगार, शिकवणी वर्गाला जाणारा विद्यार्थी, निवृत्त मास्तर, नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहणारा पदवीधर. हे लोक चर्चासत्राला बोलावले जात नाहीत. परंतु चर्चासत्रात जे पोटभर सांगितले जाते, त्यापेक्षा अधिक नेमके कधी कधी येथे दोन वाक्यांत सांगितले जाते. या बोलण्याची समीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. समीक्षा म्हणजे आरती नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

या बोलण्याला इतिहास आहे. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे काढली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. ज्या समाजात वाचता येणारा माणूस मोहल्ल्यात एखादाच, तेथे ही पत्रे एकट्याने वाचण्यासाठी नव्हती. एकाने वाचायचे, दहांनी ऐकायचे आणि मग त्यावर रात्री उशिरापर्यंत बोलायचे, अशी ती पत्रे होती. म्हणजे आपले वृत्तपत्र जन्मापासूनच चर्चेचे निमित्त होते. वसंत मून यांनी नागपूरच्या महारपुऱ्याचे जगणे ‘वस्ती’ या पुस्तकात लिहून ठेवले. आणि हेच मून बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड संपादित करीत होते. नेत्याचा शब्द आणि वस्तीचा शब्द या दोन्ही गोष्टी जपण्याजोग्या आहेत, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

२

वस्तीतल्या बोलण्याचे स्वतःचे शास्त्र आहे काय? आहे. या बोलण्याचा मुख्य अलंकार उपमा नाही, रूपकही नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणे, हा त्याचा अलंकार आहे. तराजूच्या दोन पारड्यांत दोन वस्तू टाकायच्या आणि काटा कोणीकडे झुकतो ते ऐकणाऱ्याने पाहायचे. निष्कर्ष बहुधा सांगितलाही जात नाही.

राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकातला लेख आठवावा. त्या लेखाने महाराष्ट्र हादरला तो कोणत्या युक्तिवादाने? राष्ट्रध्वजाच्या अवमानाला कोणती शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला कोणती शिक्षा, हे त्यांनी शेजारी ठेवून दाखवले. प्रस्थापितांना त्यातली भाषा बोचली. परंतु भाषेपेक्षा तो तराजू अधिक बोचरा होता आणि तो वस्तीतून आलेला होता. ज्याच्या हाती सत्ता नाही, ग्रंथालय नाही, वकील नाही, त्याच्या हाती एवढेच साधन उरते: तुमचीच दोन वाक्ये घ्यायची आणि एकमेकांसमोर उभी करायची.

हे साधन आज वरच्या चार विषयांत कसे चालते, कोठे चालते आणि कोठे थांबते, ते पाहू.

३

आधी खेळ. खेळाविषयीचे बोलणे उथळ समजले जाते. परंतु पैशाच्या खेळाचा कायदा पाहिला म्हणजे त्यात आपला सबंध समाज दिसू लागतो.

१८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अजून आपल्या राज्यात नाव बदलून चालू आहे. जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही तो शिक्षा सांगतो. मात्र निव्वळ कौशल्याचा खेळ त्यातून सुटतो. मग कौशल्य कशाला म्हणायचे? १९६० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला. कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखायचे, कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या. मटका मात्र जुगारच राहिला. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लावला जाणारा हा आकडा गिरणीकामगारांच्या चाळींतून महाराष्ट्रभर गेला. मटका निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. त्याने किती घरांतली भांडी विकली गेली ते आपण जाणतो. पण क्लबातल्या टेबलावरची बुद्धी आणि झाडाखालचे नशीब हा भेद करताना कायद्याच्या डोळ्यांपुढे खेळाबरोबर खेळणाराही होता की काय, ही शंका वस्तीला येते. इंदोऱ्यात एकाने ती अशी सांगितली: “त्यायचा पत्ता हुशारीचा, अन् आपला आकडा जुगार. वा रे न्याव!”

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेले कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याचे सांगणारी चित्रफीत पुढे आली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेर त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. यावर नागपुरात जे हसू झाले ते येथे लिहून दाखवण्याची गरज नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला: पैसा लावून खेळ असेल तर तो कोणत्याही प्रकारचा असो, चालणार नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण तो फसवला गेलेला आहे. हे योग्यच झाले. पण पुन्हा दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. मोबाइलवर खेळणारा फसवला गेलेला, आणि अड्ड्यावर बसून खेळणारा गुन्हेगार! कर्ज दोघांच्याही घरात सारखेच शिरते. मग एकाला दया आणि दुसऱ्याला कोठडी, ती कोणत्या न्यायाने?

या बोलण्यातून मला जे मोलाचे वाटते ते याच्याही पुढे आहे. कौशल्य आणि नशीब यांचा घोळ आपल्या देशात पत्त्यांपासून सुरू झालेला नाही. कोण कोणाच्या पोटी जन्मला, ही केवळ नशिबाची गोष्ट. त्या जन्माबरोबर घर, जमीन, शाळा, शिकवणी, शब्दोच्चार, ओळखीपाळखी आपोआप येतात. परीक्षेच्या दिवशी मात्र हा सगळा नशिबाचा पत्ता ‘गुणवत्ता’ या नावाने मांडला जातो. आणि ज्याच्या हाती वाईट पाने आली त्याने राखीव जागा घेतली की, त्याच्यावर कौशल्य नसल्याचा ठपका येतो. जन्माचा जुगार हाच या देशातला सर्वांत जुना आणि आजही राजरोस चाललेला जुगार आहे, आणि त्याला कोणतेही जुगार प्रतिबंधक कलम लागत नाही. विद्यार्थ्यांनी गुणवत्तेच्या वादात कोरडी आकडेमोड करण्याऐवजी ठेल्यावरचा हा युक्तिवाद न्यावा, असे मला वाटते.

४

यंत्राविषयीचे बोलणे आता घराघरात आहे. संगणक लिहील, संगणक शिकवील, संगणक हिशेब ठेवील. मग माणसाने काय करायचे, ही पांढरपेशा वर्गाची आजची भीती आहे. वृत्तपत्रांचे रकाने तिने भरून जात आहेत. वस्तीत ही भीती आहेच. ज्या पोराने मोठ्या कष्टाने संगणकाची पदविका घेतली त्याची भीती खोटी नाही. पण त्याच वस्तीतल्या सफाई कामगाराचा प्रश्न या सगळ्या रकान्यांना पुरून उरतो: “मशीन सगळ्यायचं काम खाऊन रायली म्हणते, मंग गटारातलं काम काहून नाई खात?”

या एका वाक्यात यंत्रयुगाची समीक्षा आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढत गेली, याचा अर्थ माणसे मरत राहिली. केरळात २०१८ मध्ये गटाराच्या तोंडातून आत उतरणारे यंत्र कामाला लागले. म्हणजे यंत्र करता येत नाही असे नाही. मग ते प्रत्येक शहराच्या प्रत्येक गटारावर का पोचत नाही? ज्या ठिकाणी माणूस स्वस्त असतो तेथे यंत्र महाग वाटते. आणि आपल्या देशात माणसाची किंमत जातीने ठरून गेलेली असते. ज्याचे काम यंत्राने घेऊ नये असे त्याला वाटते त्याचे काम यंत्र घेते, आणि ज्याने यंत्राची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली त्याच्यापर्यंत ते येत नाही.

यंत्राला जात नसते, असे म्हणण्याची पद्धत आहे. हे पूर्ण सत्य नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या खात्यात, प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे: धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धागा स्पृश्याने कसा ओढायचा? १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. यंत्र विलायतेहून आले होते, विटाळ मात्र येथलाच होता; आणि त्या विटाळाने यंत्राच्या एका छिद्रातून वाट काढली. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे भोंगे ऐकत ज्यांच्या बापजाद्यांनी आयुष्य काढले, त्यांना ‘यंत्राची जात’ हा विषय पुस्तकात शोधावा लागू नये.

असे असूनही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात गेले नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात चरख्याकडे आणि खेड्याकडे परत नेणाऱ्या विचाराचे त्यांनी खंडन केले. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवायचे, त्याला विचाराला आणि संस्कृतीला फुरसत द्यायची, तर यंत्र हवेच, अशी त्यांची भूमिका होती. दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेच्या हाती आहे तिचा आहे. वस्तीतला सफाई कामगार यंत्राला शिव्या देत नाही, यंत्र मागतो. त्याचे बोलणे नकळत या विचारपरंपरेतले आहे. आपले काही शिकलेले तरुण मात्र यंत्राच्या भीतीची उसनी भाषा बोलतात. ती त्यांनी वर्तमानपत्रातून घेतली आहे, घरातून नव्हे.

५

कायद्याविषयी वस्ती जितकी बोलते तितकी दुसरी कोणतीही वस्ती बोलत नसेल. संविधान हे ज्यांच्या घरात भिंतीवर असते त्यांना कलमांचे आकडे पाठ असावेत, यात नवल नाही. येथे मी एकाच शब्दाकडे लक्ष वेधतो.

१९८९ च्या कायद्याचे नाव अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम. ‘अट्रॉसिटी’ म्हणजे अत्याचार. तो करणारा सवर्ण, सोसणारा दलित किंवा आदिवासी. परंतु मराठीत आज सर्रास काय म्हटले जाते? “त्याने माझ्यावर अट्रॉसिटी केली”, “अट्रॉसिटी टाकली”. हे वाक्य कोण बोलतो? ज्याच्यावर गुन्हा नोंदला गेला तो. म्हणजे अत्याचार हे नाव गुन्ह्यावरून उचलले गेले आणि फिर्यादीवर चिकटवले गेले. अत्याचार करणारा अत्याचार सोसणारा ठरला, तोही व्याकरणाच्या एका फेरफाराने. २०१६ मध्ये हा कायदा बदला अशी मागणी घेऊन मोठे मोर्चे निघाले, तेव्हा तिची अर्धी तयारी या शब्दप्रयोगाने आधीच करून ठेवली होती. दुःखाची गोष्ट ही की, आपल्याही चौकात हाच प्रयोग रुळला आहे. आपला तरुणसुद्धा “त्याच्यावर अट्रॉसिटी लाव” असे म्हणतो. मी म्हणतो, हा शब्द आपण परत घेतला पाहिजे. अट्रॉसिटी ते करतात. आपण फिर्याद करतो.

दुसरा शब्द ‘गैरवापर’. महाराष्ट्रातल्या कराडच्या एका प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या कायद्याच्या गैरवापराची चिंता व्यक्त करून अटकेपूर्वी परवानगी आणि गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात १८अ हे कलम घालून त्या अटी दूर केल्या, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही आपले निर्देश मागे घेतले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरली. हा एवढा क्रम ठेल्यावरच्या माणसाला तोंडपाठ आहे. त्याचा तराजू येथेही चालला: आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी, असे याच कायद्याबाबत का म्हणावे? खुनाच्या खटल्यात आरोपी सुटतो तेव्हा मेलेला माणूस खोटा मेला असे कोणी म्हणते काय? साक्षीदार फुटतात, पोलीस तपास कच्चा ठेवतात, खटला वर्षानुवर्षे पडून राहतो. आणि या सगळ्याच्या अखेरीस जे उरते त्याला ‘गैरवापर’ म्हणतात.

तिसरा मुद्दा जाणाऱ्या काळाचा आहे. जातीवाचक अपमान गुन्हा ठरायचा तर तो ‘लोकांच्या नजरेसमोर’ व्हावा लागतो. २००८ आणि २०२० च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांची फोड केली. घराच्या चार भिंतींत, बाहेरचा कोणी नसताना बोललेले शब्द या कलमात बसत नाहीत. यावर एक बाई विहारात म्हणाल्या, “अपमान चार भिंतीत झाला तं तो अपमान नाई काय?” ज्या स्त्रिया दुसऱ्यांच्या चार भिंतींत धुणीभांडी करतात, त्यांचा सारा कामाचा दिवस कायद्याच्या नजरेआड जातो, हे त्या एका वाक्याने दाखवले. आणि आता भिंतीच पातळ झाल्या आहेत. मोबाइलवर उच्चारलेली शिवी लाखो लोक पाहतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले की, अशा चित्रफितीतून केलेला अपमान गुन्हा ठरायला पीडित व्यक्ती समोर उभी असण्याची गरज नाही. ती चित्रफीत पाहिली जाते तेव्हा तेव्हा तो अपमान तिच्यापर्यंत पोचतो. म्हणजे बोलण्याची जागा बदलली की कायद्याला आपले शब्द नव्याने वाचावे लागतात. हे वाचन वकिलांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये.

६

बातमीविषयी बोलायचे तर नागपूरकराला खैरलांजीपासूनच बोलावे लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाची अशोक विजयादशमी होती. देशभरातून लाखो लोक आले होते. घटनास्थळ काही तासांच्या अंतरावर, आणि एवढ्या लोकसागराला त्याची पुरती खबर नाही! ज्यांचे काम खबर देणे आहे त्या मोठ्या वृत्तपत्रांत ती आली तेव्हा अनैतिक संबंधांच्या कुजबुजीसह आली. खरी बातमी मग कोणी पोचवली? जे गावाला जाऊन आले त्यांनी, ज्यांनी शवांची छायाचित्रे हातोहात दिली त्यांनी, विहारात उभे राहून जे पाहिले ते सांगणाऱ्यांनी, मोबाइलवर दोन ओळींचा संदेश पाठवणाऱ्यांनी. नोव्हेंबरमध्ये नागपूर रस्त्यावर आले ते या बोलण्यामुळे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती सर्वांना पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणली. आणि दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंध कायदा लागू झाला नाही. जे वस्तीला पहिल्या दिवशी कळले होते ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही.

येथे वस्तीच्या बोलण्याची थोरवी दिसते, आणि नेमका येथूनच त्याचा धोकाही सुरू होतो. वर्तमानपत्राने फसवले म्हणून आपण आपल्या माणसाच्या तोंडच्या बातमीवर विश्वास ठेवायला शिकलो. आज त्याच विश्वासावर स्वार होऊन काहीही येते. बाबासाहेबांनी कधी न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या छायाचित्राखाली छापून फिरतात. निकाल लागलेला नसताना निकाल फिरतो. जुनी चित्रफीत कालची म्हणून दाखवली जाते. खैरलांजीच्या वेळी बोलणारा प्रत्यक्ष पाहून आला होता. आजचा सांगणारा बहुधा दुसऱ्याचे पुढे ढकलणारा असतो. तराजू आपला असला तरी वजने खोटी असली तर न्याय होत नाही. बाबासाहेबांचे खंड १९७९ पासून शासनाने छापले आहेत. ज्याला वाक्य पाठवायचे आहे त्याने आधी पान उघडावे. ज्यांनी आयुष्यभर संदर्भावाचून एक विधान केले नाही त्यांच्या नावावर निराधार वाक्ये खपवणे ही भक्ती असेल, चळवळ नव्हे.

याहून अवघड गोष्ट आता सांगतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की, राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल. त्या आठवड्यात मी जे बोलणे ऐकले ते मला वाङ्मय म्हणूनही गरीब वाटले आणि विचार म्हणूनही. हे फोडण्याचे कारस्थान आहे, एवढेच शंभर तोंडांनी म्हटले गेले. कारस्थानाची शंका निराधार आहे असे मी म्हणत नाही. जागाच भरल्या जात नसताना वाटणीचा वाद लावून द्यायचा, यात सत्तेचा फायदा आहेच. पण जो तराजू ध्वज आणि स्त्री यांना शेजारी ठेवतो, रमी आणि मटका यांना शेजारी ठेवतो, त्या तराजूने बौद्ध आणि मातंग, बौद्ध आणि वाल्मीकी यांना शेजारी ठेवले काय? आपल्या वस्तीतून किती शिक्षक झाले आणि पलीकडच्या वस्तीतून किती, एवढा साधा प्रश्न ठेल्यावर विचारला गेला काय? नाही. काटा आपल्याकडे वळेल असे दिसताच तराजू खाली ठेवला गेला. मातंग तरुणाने तो प्रश्न विचारला तेव्हा त्याला फितूर म्हटले गेले. २ मार्च १९५८ रोजी पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले, हे आपण भाषणात सांगतो. अण्णा भाऊंच्या समाजातला माणूस आज काय म्हणतो ते ऐकायला मात्र आपल्याला वेळ नसतो. उपवर्गीकरण योग्य की अयोग्य यावर मतभेद जरूर असावेत. परंतु मत देण्याआधी समोरच्याचे दुःख मोजायचे, ही आपणच इतरांना घातलेली अट आहे. ती आपल्याला लागू नाही काय?

आणि स्त्रिया? पानठेल्यावर त्या नाहीत. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव तिने केले. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी आमच्या आज्या-पणज्या कायद्याची भाषा बोलत होत्या. आज त्यांच्या नाती विहारात, बचत गटात, नळावर बोलतात आणि वस्तीतले काही सर्वांत महत्त्वाचे बोलणे तेथे होते. पोरगा मोबाइलवर किती हरला, कोणाकडून किती व्याजाने आणले, हे ठेल्यावर कधीच निघत नाही. तेथे खेळाची गंमत आणि मंत्र्याची थट्टा चालते. कर्जाचा आकडा आईच्या तोंडी असतो. म्हणजे खेळाच्या त्या चर्चेचे अर्धे पारडे गैरहजर असते. ज्या चर्चेत सोसणारा बोलत नाही ती चर्चा कितीही विद्रोही असली तरी अपुरी आहे. सवर्णांच्या चर्चासत्राला आपण हाच दोष देत आलो आहोत.

७

मग समीक्षेने काय करावे? माझ्या दृष्टीने तीन गोष्टी. वस्तीतले बोलणे ऐकून, बोलणाऱ्याचे नाव राखून, जसेच्या तसे लिहून ठेवावे. प्रमाण मराठीत धुऊन नव्हे, ज्या बोलीत ते झाले त्या बोलीत. महाविद्यालयांतल्या आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी आणखी एका आत्मकथनातली दुःखे मोजण्यापेक्षा एका पावसाळ्यात एका ओट्यावर काय बोलले गेले याची वही केली तर तो अधिक मोलाचा ग्रंथ होईल. दुसरी गोष्ट, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ठेल्यावर जावे ते भाषण द्यायला नव्हे. कायद्याचे कलम कोठे आहे, निकालाची तारीख कोणती, वाक्य खंडाच्या कोणत्या पानावर आहे, एवढी वजने खरी करून देणे हे त्यांचे काम. तोलण्याचे काम वस्तीला येते. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण: तराजू आपल्या घरात आणावा. विहाराच्या पायरीवर आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी की, त्या दिवशी पलीकडच्या वस्तीतला माणूस बोलेल, घरातली बाई बोलेल, आणि आपण ऐकू.

ज्यांना बोलण्याचाच अधिकार नव्हता त्यांचे बोलणे हा त्यांचा पहिला विद्रोह होता. आता आपण पुष्कळ बोलतो. आपल्या हातात यंत्र आहे, डोक्यात कलमे आहेत, तोंडात बातमी आहे. यानंतर या बोलण्याचे मोल ठरेल ते त्यात आपण कोणाकोणाला बोलू दिले यावरून. समीक्षकाने हाच हिशेब मागितला पाहिजे, आणि मागताना स्वतःच्या ओट्यापासून सुरुवात केली पाहिजे.